दफ्तराची किल्ली

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक विद्यार्थी आमच्या घरीं आला, आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यानें एक मागणी केली. आमच्या मूळ गांवचें कुळकर्ण आमच्या घराण्याकडे होतें व त्या वतनाचे मोडी कागद एका जुन्या पेटींत अजून शिल्लक आहेत, हें त्याला कोठून तरी समजलें होतें. तो मुलगा त्याच गांवचा. त्याच्या घराण्याकडे गांवच्या न्हाव्याचें बलुतें होतें. तो म्हणाला, "सर, आमच्या घरांत जुना कागद एकही नाहीं. आमच्या पूर्वजांची नोंद कोठें असलीच, तर ती तुमच्या पेटींत असेल. मला ती पाहूं द्याल काय?"

मागणी साधी होती. परंतु तिला होकार द्यावयास आम्हांस दोन आठवडे लागले. कागद जीर्ण आहेत, हाताळतांना फाटतील. त्यांत भाऊबंदकीच्या गोष्टी आहेत, त्या बाहेर पडतील. वाचणारा भलताच अर्थ काढील. एकास दाखविले तर दहाजण येतील. अशी अनेक कारणें आमच्या मनानें आमच्यापुढें मांडलीं. प्रत्येक कारण एकेकटें पाहिलें तर बरें दिसे. परंतु तीं सर्व एका ओळींत उभीं केल्यावर, हीं आपण पूर्वीं कोठें तरी वाचलेलीं आहेत असें वाटूं लागलें. विचार करतां ध्यानांत आलें कीं, पुण्याच्या पेशवे दफ्तराचें दार अभ्यासकांस शंभरांहून अधिक वर्षें ज्या कारणांनीं बंद राहिलें, तींच हीं. इतिहासाचा अध्यापक म्हणून त्या बंद दाराविषयीं आम्हीं वर्गांत अनेकदां रोषानें बोललों आहों. आपल्या पेटीशीं मात्र आम्ही त्याच दारावरचे पहारेकरी झालों होतों. ही लाजच ह्या लेखाचें निमित्त होय.

कोणत्याही सामायिक लेखसंग्रहाविषयीं तीन प्रश्न उभे राहतात. तो वाचावा कोणीं? त्यांत लिहावें कोणीं? आणि कोणीं वाचावें व कोणीं लिहावें, हें ठरवावें कोणीं? पहिले दोन अधिकार डोळ्यांस दिसतात, त्यांच्याविषयीं भांडणें होतात. तिसरा अधिकार बहुधा दिसत नाहीं. कारण ज्याच्या कमरेस किल्ली असते तो तिच्याविषयीं बोलत नाहीं. पेशवे दफ्तराचा इतिहास हा मुख्यतः ह्या तिसऱ्या अधिकाराचा इतिहास आहे.

मराठी राज्यांत लिहिण्याचा अधिकार किती काळजीनें वांटलेला होता, हें प्रथम पाहूं. अष्टप्रधानांपैकीं सचिव अथवा सुरनीस याचें काम राजपत्रांचा मजकूर तपासून अधिकउणें शुद्ध करण्याचें होतें. अमात्य अथवा मुजुमदार याच्याकडे जमाखर्च असे. मंत्री अथवा वाकनीस राजाची रोजची हकीकत राखी. चिटणीस पत्र लिही. परंतु लिहिणारा एक व मान्यता देणारे दुसरे, असा क्रम असे. अस्सल सनद हातीं घेतली तर शिरोभागीं मुद्रा, शेवटीं मर्यादेचा शिक्का, आणि 'मोर्तब सूद', 'सुरू सूद', 'बार सूद' असे शेरे आढळतात. हे शेरे शोभेचे नव्हेत. हा कागद अमक्या हातांतून गेला, अमक्या ठिकाणीं त्याची नोंद झाली, ह्याची ती साक्ष होय. एखाद्या लबाड कारकुनानें एकट्यानें सनद बनविली तरी ती चालूं नये, अशी ही योजना होती. बनावट सनदा झाल्या नाहींत असें नाहीं; पण बनावट ओळखण्याचें साधनही ह्याच शेऱ्यांनीं दिलें.

गांवपातळीवर हीच गोष्ट अधिक मनोवेधक रीतीनें दिसते. वतनाचा तंटा गोतसभेपुढें आला म्हणजे निवाड्याचा महजर होई. तो लिहिण्याचें काम कुळकर्ण्याचें. कारण लेखणी त्याच्या हातीं. परंतु त्यावर साक्ष पाटलापासून बलुतेदारांपर्यंत सर्वांची घालीत. ज्यांस लिहितां येत नसे ते आपापल्या धंद्याचें चिन्ह काढीत; पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, अशीं तीं चिन्हें. म्हणजे ज्यास अक्षर येत नव्हतें त्यासही कागदांत स्थान होतें; त्याच्या निशाणीवांचून निवाडा अपुरा राही. मात्र निशाणी करून सभा उठली कीं, कागद कोणाच्या घरीं जाई? बहुधा लिहिणाऱ्याच्या, किंवा ज्याच्या बाजूनें निवाडा झाला त्याच्या. साक्ष सर्वांची, आणि पेटी एकाची! आमच्या विद्यार्थ्याच्या मागणीचें मूळ ह्या ठिकाणीं आहे.

पुण्याचें हुजूर दफ्तर हें ह्याच व्यवस्थेचें मोठें रूप होतें. चालत्या दफ्तराचीं फड, बेहेडा, सरंजाम अशीं खातीं फडणिसाच्या देखरेखीखालीं असत. सुभ्यासुभ्यांचे हिशेब तेथें येत, त्यांचे तर्जुमे होत, व ते वर्गवार रुमालांत बांधले जात. नानासाहेब पेशव्यांपासून सवाई माधवरावांच्या अखेरीपर्यंत ही पद्धति नीट चालली, व नाना फडणिसानें तिला विशेष शिस्त लाविली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. १७९६ नंतर, ती मोडली. १८१८ मध्यें राज्य गेल्यावर ज्या कॅप्टन मॅकलाऊडकडे हें दफ्तर सोंपविण्यांत आलें, त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, बाजीरावाच्या वेळीं दफ्तराकडे दुर्लक्ष झालें, कारकुनांचा ताफा बहुतेक नाहींसा झाला, आणि लोकांस वाटेल ते कागद घेऊन जाण्याची मोकळीक राहिली.

हा दाखला आम्ही मुद्दाम देत आहों. दार उघडें असणें म्हणजेच ज्ञान सर्वांस खुलें असणें, असें समजणाऱ्या वाचकांनीं येथें थोडें थांबावें. बाजीरावाचें दफ्तर सर्वांस उघडें होतें. परंतु तें उघडेपण बेफिकिरीचें होतें, उदारपणाचें नव्हतें. जो कागद कोणीही न्यावा, तो शेवटीं कोणासही मिळत नाहीं. राखणदाराच्या भीतीस कांहींच आधार नसतो, असें आमचें म्हणणें नाहीं.

आतां इंग्रजी अंमलाकडे वळूं. एल्फिन्स्टनच्या अमदानींत दफ्तर गोळा करून नीट लावण्याचें काम मॅकलाऊडनें केलें, व तें केलें नसतें तर आज आपल्यापाशीं फारच थोडें उरलें असतें, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु कंपनीस इतिहास नको होता. जमीनमहसूल हवा होता. कोणती जमीन सरकारी, कोणती इनामी, कोणत्या सनदेनें व कोणत्या अटीवर दिलेली, ह्याचा पुरावा ह्या रुमालांत होता. पुढें इनाम कमिशन बसलें व १८५२ च्या ११ व्या कायद्यानें त्यास पूर्ण बळ मिळालें. इनामदारानें आपला हक्क सिद्ध करावा. तो सिद्ध झाला कीं नाहीं हें कमिशननें ठरवावें. दिवाणी न्यायालयाकडे धांव घेण्याची वाट बंद. आणि दफ्तर सरकारच्या कुलुपांत! जो दावेदार तोच पंच आणि तोच पुराव्याचा रखवालदार, असा हा प्रकार होता. दक्षिणेंतील हजारों इनामांवर गदा आली. १८६३ च्या कायद्यांनीं ठोक तडजोडीचा मार्ग निघाला व कमिशनचें काम संपलें. परंतु तेव्हांपासून सरकारच्या मनांत दफ्तर म्हणजे जुनीं भांडणें उकरून काढण्याचें कोठार, ही समजूत घट्ट बसली. १८९१ मध्यें पुण्यास दफ्तरासाठीं भक्कम दगडी इमारत पुरी झाली. ती 'एलिनेशन ऑफिस' ह्या नांवानें ओळखली जाई. जमिनी परस्वाधीन कशा झाल्या ह्याचें तें कार्यालय. नांवावरूनच दफ्तराकडे पाहण्याची दृष्टि कळून येते.

इनाम कमिशनचा दुसरा परिणाम दफ्तराच्या बाहेर झाला, व तो अधिक खोल गेला. कागद दाखविला कीं जमीन जाते, अशी धास्ती घरोघर बसली. सरदार, इनामदार, देशमुख, कुळकर्णी ह्यांनीं आपलीं दफ्तरें माळ्यावर चढविलीं. एका बाजूस सरकार कागद दाखवीना, दुसऱ्या बाजूस प्रजा दाखवीना. आणि मध्यंतरीं वाळवीस मात्र दोन्हीकडे मुक्तद्वार होतें! आमच्या घरची पेटी देखील ह्याच धास्तीची वारस असावी. जमीन कुळकायद्यांत केव्हांच गेली. भीति मात्र वंशपरंपरा चालत आली.

अशा स्थितींत मराठ्यांचा इतिहास प्रथम कोणीं लिहावा? तर ज्याला आंत प्रवेश होता त्यानें. ग्रँट डफ हा साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधि होता. साताऱ्याचे व पुण्याचे कागद त्याला पाहतां आले, व १८२६ मध्यें त्याचा ग्रंथ तीन भागांत निघाला. ग्रंथ परिश्रमानें लिहिलेला आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्या कागदांच्या आधारें तो लिहिला ते कागद इतरांस पाहतां येत नसल्यामुळें, त्याचें म्हणणें खरें कीं खोटें हें ताडून पाहण्याची सोय कोणासच नव्हती. नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या तरुणानें १८६८ च्या सुमारास ग्रँट डफच्या इतिहासावर जी टीका लिहिली तिचें खरें महत्त्व येथें आहे. डफच्या चुका दाखवून ते थांबले नाहींत. मूळ साधनें छापून लोकांपुढें ठेविलीं पाहिजेत, हा आग्रह त्यांनीं धरिला. इतिहास लिहिण्याचा अधिकार वाचण्याच्या अधिकारावर अवलंबून आहे, हें मर्म त्यांनीं ओळखलें होतें.

पुढें १८७८ मध्यें काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनीं 'काव्येतिहाससंग्रह' हें मासिक काढलें, व बखरी आणि पत्रें छापून निघूं लागलीं. वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं मिरजेस शाळेंत शिकवीत असतां पटवर्धनांच्या दफ्तरांतील पत्रांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' चालविला. पारसनिसांनीं नाना फडणिसाचें मेणवलीचें दफ्तर मिळविलें. आणि विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याचा पहिला खंड काढून, पुढें बावीस खंडांपर्यंत मजल मारली. सरकारचें दार बंद, म्हणून हे लोक घरांचीं दारें ठोठावीत हिंडले. कोणी विन्मुख पाठविलें, कोणी चार फेऱ्या मारावयास लाविल्या, कोणीं वाण्यास रद्दी विकून टाकल्यावर हळहळ व्यक्त केली. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्यें स्थापन झालें, त्याच्या मुळाशीं हीच गोष्ट होती: कागद एकाच्या पेटींत न राहतां मंडळींच्या स्वाधीन व्हावा.

सरकारी दफ्तराच्या बाबतींत मधला एक मार्ग निघाला, तो असा कीं, आंतल्या माणसानें निवडावें व बाहेरच्यानें तेवढेंच वाचावें. रावबहादुर गणेश चिमणाजी वाड ह्यांनीं सातारकर राजांच्या व पेशव्यांच्या रोजकीर्दींतून उतारे काढले. त्यांवरून न्यायमूर्ति रानड्यांनीं १९०० मध्यें आपला प्रसिद्ध निबंध वाचला. व पुढील दशकांत ते उतारे नऊ भागांत छापून निघाले. रानड्यांच्या निबंधानें मराठ्यांच्या राज्यकारभाराकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. लढाया व कारस्थानें ह्यांच्या पलीकडे जकाती, न्याय, दंड, पुनर्विवाह, टांकसाळ असें एक जग आहे, हें वाचकांस प्रथमच दिसलें. थोडासा दरवाजा किलकिला झाल्याबरोबर इतकें दिसलें. मग तो पूर्ण उघडला असता तर काय दिसलें असतें, हा प्रश्न साहजिकच मनांत येतो.

तो उघडावा म्हणून ज्यांनीं चिकाटीनें प्रयत्न केले त्यांत जदुनाथ सरकार हे प्रमुख होत. इ. स. १९१९ मध्यें हिंदुस्थान सरकारनें ऐतिहासिक कागदपत्रांचें कमिशन नेमलें, व तेथें हा विषय वारंवार निघे. मुंबई सरकारची अडचण दुहेरी होती. इनामांचे दावे पुन्हा उभे राहतील ही पहिली. आणि पुण्याची मंडळी ह्या कागदांतून राजकीय दारूगोळा काढतील ही दुसरी. अखेर तिसाव्या सालच्या सुमारास बडोद्याच्या नोकरींतून निवृत्त झालेले गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्याकडे दफ्तराची पाहणी व निवड सोंपविण्यांत आली. त्या वेळीं त्यांचें वय पासष्टीच्या घरांत होतें. तीस हजारांवर रुमाल, त्यांत कोट्यवधि कागद, आणि हाताशीं मोजके मदतनीस! तरीही १९३० ते १९३४ ह्या अवघ्या चार-पांच वर्षांत 'पेशवे दफ्तरांतून निवडलेले कागद' ह्या मालेचे पंचेचाळीस भाग त्यांनीं प्रसिद्ध केले. हें काम पाहून मति गुंग होते.

तथापि पुण्याच्या संशोधकांस ह्या व्यवस्थेविषयीं समाधान वाटलें नाहीं, व त्यांचें म्हणणेंही तोलून पाहिलें पाहिजे. जन्मभर मोडी कागदांत घालविलेल्या लोकांस बाहेर ठेवून किल्ली एकाच माणसाच्या हातीं कां द्यावी? त्यानें जें महत्त्वाचें मानलें तें छापलें. जें मानलें नाहीं तें पुन्हा रुमालांत गेलें. सरदेसायांची नजर थोर होती. परंतु ती एकाच माणसाची नजर होती. मोहिमा, तह, दरबारी पत्रव्यवहार ह्यांकडे तिचा ओढा स्वाभाविक होता. एखाद्या खेड्यांतील पाणीवांट्याचा तंटा किंवा बलुत्याची तक्रार ह्यांत इतिहास आहे, असें मानणारा वाचक पुढें यावयाचा होता. निवडणारा कितीही प्रामाणिक असला तरी, उद्यांचा वाचक काय विचारील हें त्यास आज कळत नाहीं. म्हणूनच उत्तम निवड ही देखील खुल्या प्रवेशाची जागा घेऊं शकत नाहीं.

आणि सरकारला जें भय होतें त्याचें काय झालें? पंचेचाळीस भाग निघाले. पुढें अभ्यासकांस परवान्यानें प्रवेशही मिळूं लागला. त्यायोगें कोणतेंही सिंहासन डळमळलें नाहीं, इनामांच्या दाव्यांचा पूर लोटला नाहीं. इंग्रजी राज्य गेलें तें दुसऱ्या कारणांनीं गेलें. दार उघडल्यावर झालें इतकेंच कीं, इतिहासावरचे वाद अफवांऐवजीं आधारांनीं होऊं लागले. शंभर वर्षें जपलेली भीति उघड्या हवेंत चार दिवसही टिकली नाहीं.

आज ती इमारत राज्य सरकारचें पुराभिलेखागार आहे. ओळख पटवून, अर्ज करून अभ्यासकानें तेथें बसावें, कागद मागवावा, टिपण घ्यावें, अशी सोय आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें तर वीस वर्षांपूर्वींच्या सरकारी घडामोडींस नकाराचीं बहुतेक कारणें लागू पडत नाहींत, असें ठरविलें आहे. किल्ली कोणाकडे, ह्या प्रश्नाचें उत्तर कागदोपत्रीं तरी 'सर्वांकडे' असें झालें आहे. परंतु ह्या वेळीं दाराच्या आंत दुसरें दार निघालें. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, आणि ज्या लिपींत आपले पणजोबा बाजाराची यादी लिहीत, ती आपणांस परकी झाली. परवाना हातांत आणि कागद पुढ्यांत असूनही वाचतां येत नाहीं, हा बंद दफ्तराचाच एक नवा प्रकार होय. पहिलें कुलूप सरकारनें घातलें होतें. हें आपण आपल्या हातानें घातलें आहे. मोडीचे वर्ग अधूनमधून भरतात, तरुण मुलें येतात, ही आशेची गोष्ट खरी. परंतु कागद कोटींनीं आणि वाचणारे थोडके, हें प्रमाण अजून आहेच.

ह्या सर्व इतिहासावरून आम्हीं आमच्यापुरते तीन निष्कर्ष काढले. वाचण्याचा अधिकार शक्य तितका रुंद असावा, व नकाराचें कारण राखणदारानें लेखी द्यावें. कारण जें कारण लिहितांना लाज वाटते तें बहुधा खरें कारण नसतें. लिहिण्याचा, म्हणजे मूळ कागदास हात लावण्याचा, अधिकार अरुंद असावा, व ज्यानें हात लावला त्याची नोंद राहावी. हें तर जुन्या शेऱ्यांनींच शिकविलें आहे. आणि किल्ली एकाच्याच कमरेस कधीं असूं नये. नाना फडणीस असेपर्यंत एका हातीं किल्ली चालते. पण बाजीराव केव्हां येईल ह्याचा नेम नसतो.

दोन आठवड्यांनीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलाविलें व पेटी उघडली. त्याला मोडी येत नव्हती. म्हणून आम्ही वाचीत होतों व तो लिहून घेत होता. तिसऱ्या दिवशीं एक महजर निघाला. पाण्याच्या पाटावरून झालेल्या तंट्याचा तो निवाडा होता. खालीं निशाण्या होत्या; त्यांत नांगराच्या पुढें, शाई थोडी पसरलेला, एक लहानसा वाटोळा आरसा होता, व त्याच्या कडेला आमच्याच कोणा पूर्वजाच्या हातानें त्या न्हाव्याचें नांव लिहिलेलें होतें. मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "सर, ह्याचा फोटो घेऊं का?" तो ज्याचा होता त्यानेंच आमची परवानगी मागावी, ह्याचें आम्हांस फार वाईट वाटलें.

आतां पेटीजवळ एक वही ठेविली आहे. कोणीं, कोणत्या दिवशीं, कोणता कागद पाहिला, हें तींत लिहावयाचें. पहिलें नांव त्याचें आहे. सर्व कागदांचीं छायाचित्रें काढून त्यांची एक प्रत गांवच्या वाचनालयांत द्यावयाची व पेटीची दुसरी किल्लीही तेथेंच ठेवावयाची, असें ठरलें आहे. येत्या रविवारीं गांवांतून आणखी तिघेजण यावयाचे आहेत. एकाचें घराणें कुंभाराचें, एकाचें महाराचें, एकाचें पाटलाचें. त्यांना कागद दाखविण्यापूर्वीं मोडीचीं पहिलीं अक्षरें शिकवावीं असा आमचा विचार आहे. म्हणजे पुढच्या खेपेस वाचून दाखविण्यासाठीं त्यांना आमची गरज लागणार नाहीं.